राजकारण मोजायची पट्टी नसलेलं कर खातं

१० मे २०१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये कर-वकिलांची परिषद सुरू होती. व्यासपीठावर लोइस लर्नर होत्या. अमेरिकेच्या कर खात्यात, म्हणजे आयआरएसमध्ये, करमुक्त संस्थांचा विभाग त्यांच्याकडे होता. श्रोत्यांमधून प्रश्न आला, की टी पार्टी या उजव्या चळवळीतल्या संस्थांच्या करमुक्तीसाठीच्या अर्जांचं नेमकं काय चाललंय? लर्नर यांनी सांगून टाकलं, की सिनसिनाटीच्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनी काही अर्ज निव्वळ संस्थेचं नाव बघून बाजूला काढले, ते चुकलं, आणि त्याबद्दल खातं माफी मागतं. पुढे उघड झालं, की तो प्रश्न आधीच ठरवून विचारायला लावलेला होता. चार दिवसांनी कर खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकांचा अहवाल येणार होता, आणि ही बातमी निदान आपल्या तोंडून फुटावी असं खात्याला वाटत होतं.

त्याआधी वर्षभर, मार्च २०१२ मध्ये, तेव्हाचे आयुक्त डग्लस शुलमन यांनी संसदीय समितीसमोर ठणकावून सांगितलं होतं, की असं कुणाला लक्ष्य करणं अजिबात चालू नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. रिपब्लिकन म्हणाले, ओबामांनी कर खातं विरोधकांच्या अंगावर सोडलं. डेमोक्रॅट म्हणाले, उगाच राईचा पर्वत केलाय. या गदारोळात मूळ गुंता काय होता हे फार थोड्यांनी समजावून सांगितलं. तो समजला की या प्रकरणात अन्याय कुणावर झाला आणि कोण अलगद निसटलं, हे वेगळंच दिसायला लागतं.

आधी खण समजून घेऊ

अमेरिकेच्या करकायद्यात ना-नफा संस्थांसाठी वेगवेगळी कलमं आहेत. आपल्या कामाची तीन.

पहिलं ५०१(सी)(३). बोलीत याला 'सी-थ्री' म्हणतात. धर्मादाय संस्था, चर्च, देवळं, विद्यापीठं, संग्रहालयं या खणात येतात. इथे देणगी देणाऱ्याला स्वतःच्या करात वजावट मिळते, आपल्याकडच्या ८०जीसारखी. पण त्या बदल्यात एक कडक अट आहे, कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायचा नाही. थोडाही नाही. ही अट १९५४ मध्ये, तेव्हा सिनेटर असलेल्या लिंडन जॉन्सन यांनी घालून घेतली. अमेरिकेतली अनेक महाराष्ट्र मंडळंही सी-थ्रीच आहेत. त्यामुळे पाडव्याच्या कार्यक्रमात एखाद्या उमेदवाराला मंचावर बोलावून मंडळाने त्याच्यासाठी मतं मागितली, तर मंडळाचा दर्जा धोक्यात येऊ शकतो. सगळ्या उमेदवारांना सारख्याच अटींवर बोलावून चर्चा घडवली तर मात्र चालतं.

दुसरं कलम ५२७. हा सरळ सरळ राजकीय संघटनांचा खण. प्रचार हवा तेवढा करा, देणग्यांवर कर नाही, पण देणगीदारांची नावं जाहीर करावी लागतात.

तिसरं ५०१(सी)(४), म्हणजे 'सी-फोर', समाजकल्याण संघटना. सगळा खेळ इथला. या संस्थेला देणगी दिली तर देणाऱ्याला वजावट मिळत नाही. पण संस्थेला कायदे व्हावेत म्हणून हवा तेवढा दबाव आणता येतो, काही प्रमाणात निवडणुकीतही उतरता येतं, आणि देणगीदारांची नावं लोकांसमोर मांडावी लागत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण बातम्यांमध्ये ती हमखास निसटते. भांडण करमाफीचं नव्हतंच मुळी. संस्थेला मिळालेली देणगी तशीही तिचं करपात्र उत्पन्न धरली जात नाही, आणि ५२७ खाली गेलं तरी देणग्यांवर कर लागत नाही. सी-फोरचं खरं आकर्षण होतं ती गुप्तता. बिनानावाच्या पैशाला अमेरिकेत 'डार्क मनी' म्हणतात, त्याची सगळ्यात सोयीची वाट या खणातून जाते.

गुप्तता म्हणजे काळंबेरंच, असं मात्र नाही. १९५८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अलाबामा राज्याला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेची सदस्ययादी मागायला मनाई केली होती. यादी हाती पडली असती तर त्या लोकांच्या नोकऱ्या आणि जीव दोन्ही धोक्यात आले असते. नावं झाकून ठेवण्याच्या हक्काची मुळं त्या लढ्यात आहेत, आणि अब्जाधीशांचे वकील तोच निकाल आज मोठ्या आदराने पुढे करतात.

कायदा म्हणतो 'फक्त', नियम म्हणतो 'मुख्यतः'

समाजकल्याण संघटनांना सूट देणारा मूळ कायदा १९१३ चा. त्यात अट अशी, की संस्था फक्त समाजकल्याणासाठी चालवलेली असावी. १९५९ मध्ये कर खात्याने या कायद्याचे नियम लिहिले आणि त्यात म्हटलं, की संस्था मुख्यतः समाजकल्याणात गुंतलेली असली की झालं. उमेदवाराचा प्रचार हे समाजकल्याण नव्हे, हेही त्याच नियमांत आहे. म्हणजे संस्थेला थोडं राजकारण चालेल, पण ते तिचं मुख्य काम असता कामा नये.

किती म्हणजे मुख्य? पैशाने मोजायचं, की वेळाने, की स्वयंसेवकांच्या श्रमाने? 'अमुक आमदाराला फोन करून सांगा की कर वाढवू नका' अशी जाहिरात निवडणुकीच्या तीन आठवडे आधी दाखवली, तर तो प्रचार की जनजागृती? खात्याने याचं आकड्यात उत्तर कधीच दिलं नाही. 'सर्व परिस्थिती पाहून ठरवू' हे त्यांचं अधिकृत सूत्र. वकील मंडळींनी आपापसांत ४९ टक्के हा आकडा धरून ठेवला होता, कारण निम्म्याहून कमी ते मुख्य कसं असेल! पन्नास वर्षं हे असंच चाललं. कुणाला फारसा त्रास झाला नाही, कारण सी-फोर हा तेव्हा बऱ्यापैकी झोपलेला खण होता.

२१ जानेवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सिटिझन्स युनायटेड' खटल्याचा निकाल दिला. कंपन्या आणि संस्था यांना उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचारावर हवा तेवढा पैसा खर्च करायला मोकळीक मिळाली. त्याच सुमारास टी पार्टी ही कर आणि सरकारी खर्च यांच्या विरोधातली उजवी चळवळ गावोगावी पसरत होती. चर्चच्या तळघरात, कुणाच्या दिवाणखान्यात जमणारे दहा-वीस जणांचे गट आपली संस्था नोंदवायला निघाले. सी-फोरसाठी आलेले अर्ज २०१० च्या आर्थिक वर्षात १,७३५ होते, ते २०१२ मध्ये ३,३५७ झाले.

सिनसिनाटीत काय झालं

देशभरातले असे अर्ज ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी इथल्या कचेरीत येत असत. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथल्या एका छाननी कर्मचाऱ्याच्या हाती टी पार्टीचा एक अर्ज आला. प्रकरण बातम्यांमध्ये गाजतंय, तेव्हा वरिष्ठांना विचारावं म्हणून त्याने तो पुढे पाठवला. इथपर्यंत काही वावगं नव्हतं. मग तसे आणखी अर्ज शोधायचं ठरलं आणि शोधायची खूण म्हणून नावं घेतली गेली. 'टी पार्टी', 'पेट्रियट्स', '९/१२'. ऑगस्ट २०१० पासून ही खूण 'यावर नजर ठेवा' अशा अर्थाच्या यादीत लेखी आली आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वाटली गेली. नावाखेरीज इतर खुणाही होत्या. संस्थेचा विषय सरकारी खर्च, सरकारी कर्ज किंवा कर हा असला तर काढा बाजूला. देश कसा चालवला जातोय यावर कागदपत्रांत टीका असली तर काढा बाजूला.

शेवटची खूण पुन्हा वाचावी अशी आहे. सरकारवर टीका करणाऱ्या संस्थेचा अर्ज सरकारचंच एक खातं त्या टीकेमुळे वेगळ्या ढिगात टाकतंय. हेतू काहीही असो, लोकशाहीत याला क्षमा नाही, आणि 'काहीच घडलं नाही' म्हणणाऱ्यांनी ही ओळ कधी नीट वाचली असेल असं मला वाटत नाही.

नाक्यावरच्या हवालदाराने गाडीचा वेग मोजायचं यंत्रच नाही म्हणून मागच्या काचेवरचे स्टिकर बघून गाड्या अडवाव्यात, तसा हा प्रकार. काही अडवलेल्या गाड्या खरंच भरधाव होत्या. महानिरीक्षकांच्या पथकाने बाजूला काढलेले जवळपास ३०० अर्ज तपासले, तेव्हा सुमारे ६९ टक्के अर्जांमध्ये लक्षणीय राजकीय कामाच्या खुणा सापडल्या. उरलेल्या ३१ टक्क्यांमध्ये तसं काहीच नव्हतं. ते नुसतेच अडकले.

आणि कसे अडकले! हे अर्ज हाताळणाऱ्या सिनसिनाटीतल्या पहिल्या पथकाने वॉशिंग्टनच्या तांत्रिक विभागाकडून मार्गदर्शन मागवलं आणि ते येण्याची वाट बघत १३ महिन्यांहून जास्त काळ फायली तशाच पडून राहिल्या. डिसेंबर २०१२ पर्यंत त्या २९६ अर्जांपैकी १०८ मंजूर झाले होते, २८ अर्जदारांनी कंटाळून किंवा अन्य कारणाने अर्ज मागे घेतले होते, आणि १६० अजून लोंबकळत होते. त्यातला सगळ्यात ताजा २०६ दिवसांचा, सगळ्यात जुना १,१३८ दिवसांचा. नामंजूर किती? एकही नाही. सरकारी खात्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको. नकार मिळाला तर अपील करता येतं. 'विचाराधीन' असलेल्या फाईलचं काहीच करता येत नाही.

मग पत्रं गेली. महिनोन् महिने गप्प बसलेल्या खात्याने आता काही आठवड्यांत उत्तर द्या म्हणून प्रश्नांचा भडिमार केला. देणगीदारांची नावं द्या. तुमच्या पदाधिकाऱ्यांचा राजकीय पक्ष कोणता? त्यांच्यापैकी कुणी निवडणूक लढवली आहे का, पुढे लढवणार का? तुमच्या कार्यक्रमात सभासद आणि इतर लोक कशा प्रकारच्या गप्पा मारत होते? १७० संस्थांना जादा माहिती मागणारी पत्रं गेली, त्यातल्या ९८ संस्थांना विचारलेले काही प्रश्न अनावश्यक होते असं अहवालाने म्हटलं. दिवाणखान्यात जमणाऱ्या गटाकडे याला उत्तर द्यायला वकील कुठून असणार?

ज्याने विचारलं तोच अडकला

आता या प्रकरणातली सगळ्यात विचित्र गोष्ट. सी-फोर व्हायला त्या काळी अर्ज करायची सक्तीच नव्हती! सी-थ्रीला साधारणपणे अर्ज करावाच लागतो. सी-फोरला मात्र आपणच आपल्याला सी-फोर जाहीर करून, दरवर्षी विवरणपत्र भरून काम सुरू करता येत होतं. खात्याचं मान्यतापत्र हाताशी असलं की बरं, एवढंच.

म्हणजे या चाळणीत अडकले ते प्रामुख्याने नियम पाळायच्या भाबडेपणाने स्वतःहून दारात आलेले छोटे गट. बड्यांना याची झळ लागली नाही. रिपब्लिकन रणनीतीकार कार्ल रोव्ह यांच्याशी जोडलेल्या 'क्रॉसरोड्स जीपीएस'चं उदाहरण घ्या. तिनेही २०१० मध्ये अर्ज केला आणि तिचा अर्जही पाच वर्षं पडून होता. पण दरम्यान २०१२ च्या निवडणुकीत तिने ७ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, देणगीदारांची नावं न सांगता. तिच्याकडे वकिलांची फौज होती, अर्ज प्रलंबित असला तरी काम थांबवायची गरज नाही हे तिला ठाऊक होतं. २०१५ अखेरीस तिला मान्यताही मिळाली.

त्या ढिगाबाहेर नकार पदरात पडला तो कुणाच्या? निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या डेमोक्रॅट महिलांना प्रशिक्षण देणाऱ्या 'इमर्ज अमेरिका'च्या काही राज्यशाखांच्या. त्यांचा फायदा एकाच पक्षाला होतो, समाजाला नाही, असं २०११ मध्ये खात्याने ठरवलं.

डाव्या गटांनाही अशाच चाळणीतून जावं लागलं होतं हे २०१७ मध्ये महानिरीक्षकांच्या दुसऱ्या अहवालाने सविस्तर मांडलं. २००४ ते २०१३ या काळात खात्याने वापरलेले १७ निकष त्यात तपासले होते. 'प्रोग्रेसिव्ह', 'ऑक्युपाय', 'ग्रीन एनर्जी', वैद्यकीय गांजा, गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या पण बंद पडलेल्या एकॉर्न संघटनेच्या उत्तराधिकारी संस्था, अशा खुणा त्या याद्यांमध्ये होत्या. पण तोवर चार वर्षं उलटली होती आणि ज्याने त्याने आपापलं मत पक्कं करून टाकलं होतं.

संशय हवेतून आला नव्हता

टी पार्टीवाल्यांना लगेच कट दिसला याचं कारण इतिहासात आहे. केनेडींच्या काळात कर खात्याने उजव्या विचारांच्या संस्थांच्या तपासणीची खास मोहीम चालवली होती. निक्सन आल्यावर १९६९ मध्ये खात्यात एक विशेष पथकच उभं राहिलं. युद्धविरोधक, कृष्णवर्णीय चळवळीतले कार्यकर्ते, विद्यार्थी नेते अशांच्या हजारो फायली त्याने तयार केल्या. १९७३ मध्ये ते बंद झालं आणि १९७४ मध्ये निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाच्या आरोपांत कर खात्याचा गैरवापर नावानिशी आला. १९७६ मध्ये करदात्याची माहिती गोपनीय ठेवण्याचे नियम कडक झाले. १९९८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना आणि त्यांच्या कचेरीला अमक्याची कर-तपासणी करा किंवा थांबवा असं सांगायलाही बंदी घातली.

२०१० च्या प्रकरणात व्हाइट हाउसमधून हुकूम आल्याचा पुरावा मात्र कुणालाही सापडला नाही, आणि शोधायला काही कमी लोक लागले नव्हते. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्याय खात्याने चौकशी बंद करताना म्हटलं, की ढिसाळ कारभार, चुकीचे निर्णय आणि संस्थात्मक सुस्ती यांचा भरपूर पुरावा आहे, पण फौजदारी गुन्ह्याचा नाही.

खात्याने स्वतःची बाजू स्वतःच अशी बिघडवली, की हे कुणाला पटणं अवघड होतं. मे २०१३ मध्ये समितीसमोर लर्नर यांनी आधी 'मी निर्दोष आहे' असं निवेदन वाचलं आणि मग घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा, आधार घेऊन उत्तरं द्यायला नकार दिला. जून २०१४ मध्ये खात्याने सांगितलं, की लर्नर यांच्या संगणकाची हार्ड डिस्क २०११ मध्येच बिघडली, त्यामुळे काही ईमेल मिळणार नाहीत. ज्या बॅकअप टेपांवर ते सापडण्याची शक्यता होती अशा ४२२ टेपा, चौकशी चालू असतानाच, मार्च २०१४ मध्ये पुसल्या गेल्या होत्या. जे ईमेल मिळाले त्यातल्या काहींत लर्नर यांनी उजव्या मंडळींबद्दल शेलके शब्द वापरले होते. टेपा गलथानपणाने पुसल्या गेल्या असा महानिरीक्षकांचा निष्कर्ष होता. पण निक्सनचा काळ पाहिलेल्या देशात असा निष्कर्ष किती लोक मान्य करणार?

हकालपट्ट्या वगैरे यथासांग झाल्या. प्रभारी आयुक्त स्टीव्हन मिलर यांनी राजीनामा दिला, लर्नर निवृत्त झाल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये खात्याने न्यायालयात लेखी माफी मागितली आणि दुसऱ्या एका खटल्यात चारशेहून अधिक गटांसाठी ३५ लाख डॉलरची तडजोड झाली.

पट्टी अजूनही नाही

मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती नंतरची हकीकत, जिच्यावर कॅमेरे नव्हते. जून २०१३ मध्ये खात्याने साचलेल्या अर्जदारांना एक वाट दिली. तुमचा राजकीय प्रचारावरचा खर्च आणि वेळ ४० टक्क्यांहून कमी आहे असं लिहून द्या, मान्यता घ्या. पहिल्यांदाच कुणीतरी आकडा उच्चारला. नोव्हेंबरमध्ये खात्याने प्रचार कशाला म्हणायचं याच्या नव्या व्याख्येचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यावर दीड लाखाहून जास्त हरकती-सूचना आल्या. टी पार्टीवाले चिडलेच, पण नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयूसुद्धा विरोधात गेली, कारण मसुद्यात पक्षनिरपेक्ष मतदार नोंदणीही राजकीय कामात धरली होती. मे २०१४ मध्ये मसुदा मागे घेतला गेला.

मग डिसेंबर २०१५ च्या खर्च विधेयकात अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, एक ओळ घातली, की सी-फोरच्या राजकीय कामाची व्याख्या बदलणारा नियम करण्यासाठी खात्याने एक पैसाही वापरायचा नाही. ती ओळ पुढच्या खर्च विधेयकांतही येत राहिली. ज्या संदिग्धतेमुळे कर्मचाऱ्यांनी नावांचा आडमार्ग धरला, ती दूर करायलाच कायद्याने बंदी. २०२० मध्ये अर्थखात्याने आणखी एक दार बंद केलं. तोवर सी-फोर संस्था मोठ्या देणगीदारांची नावं निदान कर खात्याला गुपचूप कळवत असत, तीही कळवायची गरज उरली नाही.

दरम्यान संशयाचं राजकारण बाजू बदलून चालूच आहे. मे २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी हार्वर्ड विद्यापीठाचा करमुक्त दर्जा काढून घेणार असल्याचं जाहीर केलं. हार्वर्ड सी-थ्री आहे, सी-फोर नव्हे, आणि इथे घोषणा खुद्द राष्ट्राध्यक्षांची होती. तेव्हा लोकांनी १९९८ च्या कायद्याकडे बोट दाखवलं. २०१३ मध्ये ओबामांच्या विरोधात कर खात्याच्या स्वायत्ततेची शपथ घेणारे कितीतरी जण या वेळी गप्प होते.

आज अमेरिकेत नवी सी-फोर संस्था काढायची असेल तर २०१५ च्या कायद्यानुसार स्थापनेपासून ६० दिवसांत फॉर्म ८९७६ ऑनलाइन भरायचा आणि ५० डॉलर शुल्क द्यायचं. ही निव्वळ सूचना असते, मंजुरीचा अर्ज नव्हे. खातं पोच देतं.